सांध्यातलं कुंकू

कुसाबाईच्या तावडीतून कुणी सुटलं नाही. नळ दुरुस्त करायला आलेला माणूस हात न धुता ट्रेजवळ गेला, तर त्याला हिने जिन्यापर्यंत हाकललं. औषध कंपनीचा टायवाला पोरगा काउंटरवर गोळ्यांचे नमुने पसरायला लागला, तर त्याची बॅग उचलून बाहेरच्या बाकावर नेऊन ठेवली. खुद्द डॉक्टरीणबाई एकदा ग्लोव्ह घातलेल्या हाताने मोबाइल उचलायला गेल्या, तर ही मागून कडाडली, "मॅडम, बदला ते. आत्ताच्या आत्ता." पेशंट खुर्चीत आ वासून बसलेला, आणि मॅडम निमूटपणे ग्लोव्ह बदलतायत! पंचवटीतल्या त्या दातांच्या दवाखान्यावर पाटी डॉक्टर वेदिकाची, पण राज्य कुसाबाईचं.

तेवीस वर्षं झाली तिला तिथे. नांदगावकडची पोर, लग्न होऊन नाशिकला आली. नवरा सोमनाथ ओझरच्या कारखान्यात कंत्राटावर जायचा, तेव्हा हिने हे काम धरलं. तेव्हा वेदिकाचे वडील दवाखाना चालवायचे. त्यांना सगळे सर म्हणत. तो काळ पातेल्याचा. दाढा काढायचे चिमटे पातेल्यात टाकायचे, पाणी खळाखळा उकळायचं, झालं निर्जंतुक. कुसाबाई अवजारं उघड्या हातांनी धुवायची. कोण सांगणार होतं? पहिल्याच वर्षी एक टोकदार अवजार तिच्या अंगठ्यात घुसलं. सर घाबरले, रक्त तपासायला पाठवलं, आणि तीन महिन्यांनी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा. ते सहा महिने तिने घरात आपलं ताट वेगळं ठेवलं. तान्ह्या पोराची पापी घेतली नाही. शेवटी निघालं काहीच नाही, पण एवढ्याशा टोकावर माणसाचा जीव कसा टांगलेला असतो ते तिला कळलं. आता ती अवजारं धुताना कोपरापर्यंत जाड रबरी हातमोजे घालते, डोळ्यांना चष्मा लावते. कुणी हसलं तर म्हणते, "हसा. तुमचा अंगठा शाबूत हाय ना, मग हसा."

सर गेले आणि वेदिका शिकून आली. तिने पातेलं भंगारात काढलं आणि वाफेवर चालणारं यंत्र आणलं. त्याला ऑटोक्लेव्ह म्हणतात. कुसाबाई त्याला कुकर म्हणते. धुतलेलं अवजार एका पाकिटात घालायचं. पाकिटाची एक बाजू कागदाची, एक पारदर्शक. कागदावर एक गुलाबी बाण छापलेला. कुकरातली वाफ लागली की बाण तपकिरी होतो. तपकिरी म्हणजे तयार, गुलाबी म्हणजे हात लावायचा नाही. पंचेचाळिशी उलटलेल्या बाईने हे सगळं दोन दिवसांत शिकून घेतलं आणि तिसऱ्या दिवसापासून दुसऱ्यांना शिकवायला लागली. "रंग बघा, मग फोडा," हे तिचं पालुपद. वेदिकासुद्धा पाकीट हातात घेतलं की आधी तिच्याकडे बघायची, मग बाणाकडे.

अशा बाईने काय करावं? ऐका.

दसऱ्याला आपल्याकडे ज्याच्या-त्याच्या हत्याराची पूजा असते. शेतकरी विळा-कोयता मांडतो, ड्रायव्हर गाडीला हार घालतो, तसे सर आपले चिमटे पाटावर मांडायचे. हळदकुंकू, अक्षता, झेंडूची फुलं. नंतर सगळं धुऊन पातेल्यात. वेदिकाने मात्र पहिल्याच वर्षी सांगितलं, "मावशी, पूजेला माळ्यावरचा जुना सेट. वापरातल्या वस्तूला हळदकुंकू नको." जुना सेट म्हणजे गंजलेले, दात झिजलेले चार चिमटे. कुसाबाईने ऐकलं. पण तिला ते कधी पटलं नाही. राबतो एक आणि पुजायचा दुसरा? देवापुढे मोडकं-तोडकं मांडायचं म्हणजे पाहुण्याला फुटक्या बशीत चहा दिल्यासारखं. दरवर्षी पाट मांडताना ती पुटपुटायची आणि दरवर्षी मुकाट्याने तेच चार गंजके चिमटे मांडायची.

यंदा दवाखान्यात नवा चिमटा आला होता. खालची दाढ काढायचा, लखलखीत, हातात धरला तर आरशासारखं तोंड दिसावं असा. कुसाबाईने तो धुऊन, पाकिटात घालून, कुकरातून काढून ठेवला होता. बाण तपकिरी. एकदाही वापरला नव्हता. दसऱ्याला दवाखाना बंद, म्हणून आदल्या संध्याकाळीच पूजा झाली, पेढे वाटले, वेदिका घरी गेली. कुसाबाई एकटीच आवरत होती. पूजेच्या ताटात कुंकू उरलेलं. समोर तो नवा चिमटा. घरात नवी कढई आली तरी तिला आपण कुंकू लावतो. हा तर माणसाचं दुखणं उपटून काढणार, आणि हा तसाच कोरडा कामाला लागणार? तिच्याने राहवेना. तिने पाकिटाची एक कड अलगद उघडली, चिमटा अर्धा बाहेर ओढला, बोटाने त्याच्या सांध्यावर कुंकू टेकवलं, हात जोडले. मग चिमटा आत सरकवला आणि कडेला पारदर्शक चिकटपट्टी लावली. शुक्रवारी आल्या-आल्या पहिल्या घाण्यात पुन्हा कुकरात टाकायचा, असं ठरवून तिने तो कुकरच्या डोक्यावरच ठेवला. कुणाला कळायचंही कारण नव्हतं.

गुरुवारी दसरा, सुट्टी. शुक्रवारी दवाखाना उघडला तो जत्रा भरल्यासारखा. सणासाठी दुखणं दाबून ठेवलेले सगळे एकदम आले. फोन वाजतोय, एक पोर रडतंय, पाण्याची टाकी रिकामी. कुसाबाईने कुकरच्या डोक्यावरचा पसारा आवरला. चार-पाच पाकिटं होती. एकेकाचा बाण बघितला. तपकिरी, तपकिरी, तपकिरी. उचलली आणि तयार खणात ठेवली.

रंग बघितला हो तिने! नेमका रंगच बघितला. त्या बाणाला काय ठाऊक की मागाहून कुणी पाकीट उघडलं होतं?

दुपारी नवसाबाई आली. मखमलाबादची, पासष्टीची, झेंडू पिकवणारी. दोन महिने खालची दाढ ठणकत होती, पण दसऱ्याचा झेंडू तोडून बाजारात गेल्याशिवाय ती खुर्चीत बसायला तयार नव्हती. त्यात तिला साखरेचा आजार. वेदिकाने तपासण्या करून घेतल्या होत्या, गोळ्या दिल्या होत्या, आकडा बरा आल्यावरच तारीख दिली होती. येताना तिने दवाखान्याच्या दाराला दोन हार आणले होते. बोटं झेंडूने पिवळी झालेली.

"कुसाबाई, तू माझा हात धर," ती म्हणाली. "बाकी कोन काय करंल ते करंल."

"धरते. पन तोंड मिटू नका."

वेदिकाने नवा चिमटा मागितला. कुसाबाईचा एक हात नवसाबाईच्या मुठीत घट्ट अडकलेला. दुसऱ्या हाताने तिने खणातून पाकीट काढलं, बाण बघितला, त्याचं एक टोक कोपराखाली दाबून टर्रकन फाडलं आणि चिमटा ट्रेवर सोडला. पाच मिनिटांत दाढ बाहेर. नवसाबाईने कापूस दाताखाली धरून हात जोडले आणि रिक्षाने घरी गेली.

मग कुसाबाई अवजारं धुवायला बसली. रक्ताचं तिला काही नवल नाही. गार पाण्याखाली धरलं की ते पातळ होऊन वाहून जातं. या चिमट्याचंही वाहून गेलं. पण सांध्यात ब्रश फिरवला तेव्हा ब्रशच्या केसांना लाल भुकटी लागली. पुन्हा फिरवला, पुन्हा लागली. ती पाण्यात विरघळेना, नुसती चिकटून राहिली. कुसाबाईने ब्रश डोळ्यांजवळ नेला.

कुंकू! सिंकला धरून ती तशीच उभी राहिली.

"मावशी, पुढचा पेशंट!" आतून वेदिकाची हाक आली.

"आले, आले," ती म्हणाली. तिने ब्रश धुतला, चिमटा धुतला, कुकरात टाकला. बाहेर काढला आणि पुन्हा टाकला. जणू आता दोनदा वाफ दिली की दुपारची चूक फिटणार होती!  दोनदा वेदिकासमोर जाऊन उभी राहिली. दोनदा वेदिकाने वर पाहिलं, "काय मावशी?" आणि दोनदा ती म्हणाली, "कापूस संपत आलाय."

सांगायला काय जात होतं, असं तुम्ही म्हणाल. जात होतं ना! ज्या बाईने तेवीस वर्षं दुसऱ्यांना हाकललं, दटावलं, मॅडमचे ग्लोव्ह उतरवले, तिने कुठल्या तोंडाने सांगायचं की पाकीट मीच उघडलं, उघड्या बोटांनी? कुकरच्या कपाटाची किल्ली तिच्या कमरेला असायची. ती किल्ली काढून द्यावी लागली तर मग ती तिथे कोण? लादी पुसणारी बाई. पोरं मोठी झाली, आपापल्या संसाराला लागली; घरात तिला विचारून कुणी पाणीसुद्धा पीत नाही. तिला विचारून काही होतं ते या एकाच जागी.

संध्याकाळी तिने नवसाबाईला फोन लावला. "बर्फ लावला का?" लावला होता. "गोळी घेतली का?" घेतली होती. शनिवारी पुन्हा लावला. नवसाबाई म्हणाली, "जरा ठनकतंय, पन तू नगं काळजी करू." झालं! कुसाबाईने भाजी फोडणीला टाकली आणि मीठ दोनदा घातलं. सोमनाथ जेवताना म्हणाला, "काय झालंय तुला? भूत बघितल्यासारखी करतीस."

तिने सांगितलं. सोमनाथने घास थांबवला, विचार केला आणि म्हणाला, "हात्तिच्या! कुंकवानं कोन मेलंय का? देवाचं ते."

"देवाचं देवापाशी. जखमेत गेलं की घाण."

"मग झाकली मूठ ठेव. कुनी बघितलं नाय ना?"

"मी बघितलं ना," ती म्हणाली आणि ताट सारून उठली.

रविवारी तिच्याने घरात बसवेना. तिने धुतलेली भांडी पुन्हा धुतली, मग पिशवी उचलली आणि रिक्षाने मखमलाबाद गाठलं. नवसाबाई शेताच्या बांधावर बसली होती. तोडणी झालेलं झेंडूचं रान ओकंबोकं. पदर गालाला बांधलेला. तो तिने सोडला तेव्हा कुसाबाईला कळलं. डावा गाल टम्म.

"तोंड उघडा बरं."

नवसाबाईने उघडलं. कुसाबाईने मोबाइलची बॅटरी मारली. खड्डा आणि भोवतीची हिरडी पिवळीधमक.

"हे काय केलंत?"

"हळद भरली. परवाच्याला लय ठनकत व्हतं, म्हनून चिमूटभर दाबली. काल बी दाबली. आपली घरची हाय, भेसळ नाय तिच्यात."

आणि इथे कुसाबाईच्या मनात जे झालं, ते तिने पुढे कुणालाच सांगितलं नाही. तिला हायसं वाटलं. छातीवरचा धोंडा कुणी उचलून बाजूला ठेवावा तसं. हळद! म्हातारीने स्वतःच जखमेत हळद भरली. सुजलं तर त्यानेच सुजलं. आता कोण विचारतंय कुंकवाचं? ती चहा प्यायली, उद्या दवाखान्यात या म्हणाली, परतताना नवसाबाईने दिलेली मेथीची जुडीही घेतली. रिक्षात बसली आणि तिला त्या हायसं वाटण्याचीच शिसारी आली. कुणाच्या सुजलेल्या गालाने आपल्याला बरं वाटावं! जुडी मांडीवर होती, ती तिने हातांनी चुरगाळून टाकली.

सोमवारी नवसाबाई पहिल्या नंबरला आली. वेदिकाने दिवा ओढला, तोंडात पाहिलं आणि तिचा आवाज चढला.

"आजी, हे काय आहे? हळद? जखमेत हळद घालतात का? तुम्हाला साखर आहे, किती समजावून सांगितलं होतं! पू झालाय आत. अजून दोन दिवस काढले असते तर ॲडमिट करायची वेळ आली असती. मावशी, तुम्ही यांना सगळं सांगितलं होतं ना? जखमेत काही घालायचं नाही म्हणून?"

"सांगितलं होतं," कुसाबाई म्हणाली. ते खरंच होतं.

"मग? ऐकायचं नसेल तर येता कशाला?"

नवसाबाई खुर्चीत आणखी आडवी झाली, अंग चोरून. रानात कंबर कसून दिवसभर वाकणारी बाई, शाळेतल्या पोरीसारखी म्हणाली, "चुकलं बाई. माझंच चुकलं. आडाणी मानूस मी." आणि बाजूला हात लांबवून चाचपत तिने पुन्हा कुसाबाईचा हात धरला.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. आणि संन्याशीण चोराचाच हात धरून बसलेली! कुसाबाईच्या कानांत गरम वाफ शिरल्यासारखं झालं. तिने दुसऱ्या हाताने मास्क खाली ओढला. दवाखान्यात पेशंटजवळ मास्क खाली ओढायचा नाही, हा तिचाच नियम.

"मॅडम, त्यांना बोलू नका. माझं चुकलंय."

"मावशी, मास्क वर..."

"ऐका आधी. तो नवा चिमटा. पूजेच्या संध्याकाळी मी त्याचं पाकीट उघडलं. सांध्याला कुंकू लावलं, उघड्या बोटानं. पट्टी मारून ठेवलं. शुक्रवारी पुन्हा कुकरात टाकायचं होतं, नाय टाकलं. बाण बघितला अन् खणात ठेवलं. तोच यांच्या तोंडात गेला. धुताना मला दिसलं. शुक्रवारीच दिसलं. तीन दिवस मी गप बसले."

एका दमात बोलली ती. 

 कुसाबाईने वेदिकाला परकर-पोलक्यापासून पाहिलं होतं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. पण वेदिकाने ग्लोव्ह काढले, हात धुतले, नवे घातले. भूल दिली, जखम उघडून पुन्हा पुन्हा धुतली. हळद निघाली, पू निघाला. एकेक वस्तू मागताना ती "मावशी" म्हणत नव्हती. नुसती वस्तूचं नाव घेत होती. कुसाबाई पाकीट पुढे करायची, वेदिका बाण बघायची, मग पाकिटाच्या चारही कडा बघायची, मग फोडायची.

सगळं झाल्यावर तिने खुर्ची सरळ केली आणि नवसाबाईच्या समोर स्टूल ओढून बसली.

"आजी, मी तुम्हाला उगाच रागावले. हळद घालायची नव्हती, ते खरं. पण आमच्याकडूनही चूक झाली. अवजार स्वच्छ नव्हतं. त्याला दुसऱ्या कुणाचं रक्त लागलेलं नव्हतं, तेवढं नशीब. सूज तुमच्या हळदीने आली की आमच्या कुंकवाने, हे मला सांगता येत नाही. रोज या, मी स्वतः धुऊन देईन. तुमच्या घरी कुणी चिडलं तर त्याला माझ्याकडे पाठवा."

मग तिने मागे न बघता हात पसरला. कुसाबाईने कमरेची किल्ली काढली आणि त्या हातावर ठेवली. तळहातावर किल्ली पडल्याचा आवाजही झाला नाही.

"आज खणातलं एकूण एक पाकीट फोडायचं," वेदिका म्हणाली. "सगळं पुन्हा धुवायचं, पुन्हा लावायचं. तुम्हीच करायचं. मी बघणार." जरा थांबून म्हणाली, "किल्लीचं नंतर बघू."

"व्हय," कुसाबाई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण ग्लोव्हच्या हाताने पुसता येईनात.

नवसाबाई इतका वेळ कापूस दाबून बसली होती. एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. आता तिने कापूस गालात सरकवला. बधिर झालेल्या तोंडातून शब्द वेडेवाकडे येत होते.

"म्हंजी त्या चिमट्याला कुंकू व्हतं? पूजेचं?"

"हो नवसाबाई. माफ करा मला."

नवसाबाईने पिवळ्या बोटांनी आपलं कपाळ चाचपलं. अकरा वर्षांपूर्वी तिचा मालक गेला, तेव्हापासून ते मोकळं होतं. संक्रांतीला, चैत्रातल्या हळदीकुंकवाला गावातल्या बाया तिच्याच मळ्यातली फुलं न्यायच्या आणि करंडा मात्र तिच्यासमोरून पुढे न्यायच्या. तिने कधी त्याबद्दल तोंड उघडलं नव्हतं. सुजलेला गाल एका बाजूने हलला. ती हसत होती की काय ते कुसाबाईला समजेना.

"आगं बये," ती म्हणाली, "लावायचंच व्हतं, तर कपाळाला लावायचं ना. दाढंत कशाला लावलंस?"